चेहरा एक, अंगठे दोन

पोलीस फरशीवाल्याला न्यायला आले तेव्हा तो गुडघ्यांवर बसून एका नव्या घराच्या न्हाणीघरात कोपऱ्यातली फरशी बसवत होता. दोन शिपाई दारात येऊन उभे राहिले.

"चल, उठ," त्यांतला एक म्हणाला.

"एवढी एक बसवतो," फरशीवाला म्हणाला. "माल कालवलाय, सुकून जाईल."

शिपायांना काय वाटलं कोण जाणे, ते थांबले. त्याने फरशी ठेवली, रबरी हातोडीने चारही कोपऱ्यांवर हलकेच ठोकली, लेव्हलची पट्टी लावून बघितली आणि ओल्या फडक्याने पुसून घेतली. मग गुडघ्यावर हात टेकून उठायला गेला, तर उठवेना. शेवटी एका शिपायानेच हात दिला. अटक करायच्या माणसाला आधी धरून उभं करायची वेळ त्याच्यावरही पहिल्यांदाच आली असावी.

काय झालं होतं, ते जीपमध्ये कळलं. बाजाराच्या रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात आदल्या दिवशी संध्याकाळी, दुकान बंद व्हायच्या सुमाराला, एक माणूस शिरला होता. मालक आत हिशेब आवरत असताना त्याने काउंटरची काच सरकवून आतला एक भारी कॅमेरा उचलला आणि बाहेर पळाला. दारात म्हातारा रखवालदार आडवा आला. चोराने त्याला ढकललं, म्हातारा पायऱ्यांवरून खाली गेला आणि त्याच्या खुब्याचं हाड मोडलं. पडता पडता त्याने चोराचा चेहरा बघितला होता, दारावरच्या दिव्याच्या स्वच्छ उजेडात. आणि हा चेहरा आपण पाहिलाय, असं त्याने पोलिसांना सांगितलं होतं. मागल्या वर्षी याच दुकानाच्या पायऱ्यांना फरशी बसवायला आला होता तोच हा.

फरशीवाला ऐकत राहिला. काल संध्याकाळी तो त्याच न्हाणीघरात एकटा होता. भिंतींखेरीज दुसरं कुणी साक्षीला नव्हतं.

त्याला तसंच इस्पितळात नेलं. रखवालदार खाटेवर पडून होता, पायाला वजन टांगलेलं. उशाशी त्याची लेक बसली होती. म्हाताऱ्याने मान वळवली, फरशीवाल्याकडे नीट बघितलं. घाईने नाही, अगदी सावकाश.

"हाच," तो म्हणाला. "मी म्हातारा झालोय, आंधळा नाही. हाच होता."

लेकीने फरशीवाल्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने मान खाली घातली. आणि मान खाली घालताना त्याला एकदम सगळं उमगलं. म्हातारा खोटं बोलत नव्हता. त्याने हाच चेहरा बघितला होता. फक्त तो चेहरा या गावात एकाचा होता आणि जगात दोघांचा.

तो शिपायांमागून जीपकडे चालू लागला.

*

दोघे भाऊ एकाच वेळी जन्मले. हा घटकाभर आधी, म्हणून मोठा. तो मागून आला, म्हणून धाकटा. आईसुद्धा नुसत्या चेहऱ्यावरून दोघांना ओळखत नसे. रडायला लागला की कळायचं. धाकटा गळा काढून रडायचा, मोठा नुसता ओठ काढून बसायचा.

पुढेही तसंच राहिलं. धाकटा बोलका, नकला करणारा, कुणाचंही मन जिंकणारा. शेजारच्या तिरसट बाईच्या घरातूनही तो खाऊ घेऊन यायचा. शाळेत त्याने काच फोडली की मास्तर हात लांबवायचे, हाताला जो कान लागेल तो पिळला जायचा, आणि नेमका मोठ्याचाच कान हाताशी असायचा, कारण धाकटा तोवर पसार झालेला असे. "मी नाही, तो," असं मोठ्या भावाने एकदोनदा सांगून पाहिलं. मास्तर म्हणाले, "दोघंही हेच म्हणता." मग त्याने सांगणं सोडून दिलं. मार खाऊन घरी जायला वेळ कमी लागतो, एवढं त्याला कळलं.

वडील लवकर गेले. मोठा एका मिस्त्रीच्या हाताखाली लागला, फरशी शिकला. धाकटा हे कर, ते कर, कुठेच टिकेना. कधी औषधं विकायचा, कधी लग्नाच्या हॉलवर माइक धरायचा, कधी कुणाची गाडी चालवायचा. जिथे जाई तिथे पहिले चार महिने त्याचं फार कौतुक होई. पाचव्या महिन्यात तो तिथे नसे. मग तो लांबच्या शहरात गेला. इकडे मोठा कामामागे फिरत या गावात येऊन स्थिरावला, लग्न झालं, आईला घेऊन आला. दोन खोल्यांचं घर, खिडकीशी आईची खाट, दाराशी बायकोचं शिवणयंत्र. या गावात सगळे त्याला फरशीवाला म्हणत. त्याला एक भाऊ आहे हे दोनचार जणांना ऐकून माहीत होतं. तो जुळा आहे हे कुणालाच नव्हतं. सांगायची वेळ कधी आली नाही, आणि खरं म्हणजे सांगावंसं त्याला कधी वाटलंही नाही. आयुष्यात एकदा तरी आपला चेहरा फक्त आपल्यापुरता असावा, एवढीच त्याची हौस.

धाकटा वर्षा-दोन वर्षांनी यायचा, अचानक, अंधार पडता पडता, आईला भेटायला. या खेपेला तो गावात येऊन गेला, पण घरी आलाच नव्हता. ही गोष्ट फरशीवाल्याला कॅमेऱ्यापेक्षा जास्त लागली.

*

दुकानाच्या काचेवर ठसे मिळाले होते. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट, अगदी स्वच्छ उमटलेले. त्यामुळे साहेब निर्धास्त होते. म्हाताऱ्याची ओळख आहे, ठसे आहेत, आता जुळवायचे आणि मोकळं व्हायचं.

ठसे घेणाऱ्या बाई पोलीस चौकीच्या मागच्या खोलीत बसत. चष्मा कपाळावर, डोळ्यांखाली काळं. दिवसभर भिंगातून बघून बघून मान आखडलेली, म्हणून बोलताना त्या मान न वळवता सबंध खुर्चीच वळवत. त्यांनी फरशीवाल्याचा अंगठा शाईत फिरवून कागदावर दाबला. कागदावर एक काळा डाग उमटला. त्यांनी दुसरा कागद घेतला, शाई कमी केली. पुन्हा डागच. त्यांनी त्याची बोटं धरून दिव्याखाली नेली.

"अहो, इथे तर काहीच नाहीये."

"काय नाहीये?"

"रेघा. सगळं गुळगुळीत. काय काम करता?"

"फरशी बसवतो. सांधे भरतो बोटांनी."

"हातमोजे?"

"मोज्यांनी सांधा कळत नाही."

बाईंनी खुर्ची साहेबांकडे वळवली. "सिमेंटने खाल्लेत. आत्ता या हातांवरून काही सांगता यायचं नाही. हाच आहे असंही नाही आणि हा नाही असंही नाही."

साहेब वैतागले. "मग आता?"

"मग काय, थांबायचं. कातडी नवी आली की रेघा येतात. होत्या तशाच येतात, बदलत नाहीत. तीनचार आठवडे सिमेंटला हात लावू दिला नाही म्हणजे झालं."

साहेबांनी कपाळाला हात लावला. आयुष्यात गुन्हेगार पळून गेलेला पाहिला होता, त्याची बोटं पळून गेलेली पहिल्यांदाच. शेवटी ज्याचं न्हाणीघर चाललं होतं त्या घरमालकाने हमी दिली, आणि फरशीवाल्याला सोडलं. गाव सोडायचं नाही, दर सोमवारी चौकीवर यायचं आणि कामाला हात लावायचा नाही. घरमालक जाताना म्हणाला, "तू असलं काही करणार नाहीस मला माहितीये. पण न्हाणीघर अर्धं राहिलं रे!"

निघताना फरशीवाला दारात घुटमळला.

"बाई, एक विचारू? जुळ्यांचे ठसे एकच असतात का हो?"

बाईंनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. पण दिवसभरात लोक त्यांना असलं काहीबाही विचारतच असत.

"नाही. एकसारखे दिसतात पुष्कळदा. वळण तेच, भोवरा तिथेच. पण बारीक बघितलं तर वेगळे. एक रेघ कुठे फुटते, कुठे संपते, ते दोघांचं एक नसतं."

"पण रक्त तर एकच ना?"

"रक्त एक असेल. पण आईच्या पोटात दोघं एकाच वेळी असले तरी एकाच जागी नसतात ना. एकाचं बोट इकडे टेकतं, दुसऱ्याचं तिकडे. कुणाला जागा जास्त, कुणाला कमी. तेवढ्यानेही रेघा बदलतात." त्यांनी डोळे चोळले. "या आता. आणि हातांना तेल लावा."

*

पहिले काही दिवस फरशीवाला झोपला. त्याला स्वतःलाच नवल वाटलं. चिंतेने डोळ्याला डोळा लागू नये, तर हा जेवायचा आणि आडवा व्हायचा. पंचवीस वर्षांची झोप कुठे साठून राहिली होती, ती सगळी वसूल व्हायला लागली. जाग आली की गुडघे ठणकत, कंबर भरून येई. काम चालू होतं तोवर हे दुखणं कुठे दडलं होतं, देव जाणे.

बायकोने शिवणयंत्रावर इस्पितळाच्या गाऊनची जास्तीची कामं घेतली. जाता-येता ती त्याच्या हातांकडे बघे.

"अहो, भांडी नका घासू. उठून बसा तिकडे."

"बसून बसून कंटाळा आला."

"नव्या नवरीच्या हातांचे एवढे लाड नसतात. माझ्या हातांना कुणी तेल लावा म्हटलं नाही कधी." आणि एवढं बोलून तीच वाटीत तेल घेऊन यायची आणि त्याची बोटं एकेक करून चोळायची. तिला त्याने पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं, सुईत दोरा ओवला आणि म्हणाली, "मग चौकीत का नाही सांगितलंत?"

"तो माझा भाऊ आहे."

"आणि तुम्ही माझे कोण?"

ती यंत्र फिरवायला लागली.

हळूहळू हातांच्या भेगा भरल्या. बोटांची टोकं आधी गुलाबी झाली, मग त्यांवर काहीतरी बारीक उमटायला लागलं. एका सकाळी खिडकीशी बसून त्याने अंगठा उजेडात धरला. मधोमध एक भोवरा होता, आणि त्याच्याभोवती रेघा, नांगरलेल्या शेतासारख्या. आपल्या अंगावर एवढी बारीक नक्षी आहे हे तो विसरूनच गेला होता. त्याला बरं वाटलं, आणि लगेच भीतीही वाटली. कारण या रेघा जशा वर येत होत्या, तशी त्याची सुटका जवळ येत होती आणि धाकट्याची अटक.

आई खाटेवरून बघत होती. तिलाही सगळं माहीत होतं. फोनवर ती धाकट्याशी हळू आवाजात बोलते, हे त्याने ऐकलं होतं.

*

धाकटा एका दुपारी आला. डोक्यावर टोपी, तोंडावर रुमाल. बायकोनेच दार उघडलं.

"आलात? या वेळी काय, चेहरा ठेवायला आलात की न्यायला?"

"वहिनी, तुमचा राग अगदी बरोबर आहे," धाकटा म्हणाला, आणि असा काही चेहरा केला की दुसरी कुणी असती तर हसली असती. वहिनी हसली नाही. शिवलेले गाऊन पिशवीत भरून ती इस्पितळात पोचवायला निघून गेली. जाताना दार जोरात लावलं.

धाकट्याने आधी आईच्या पायांवर डोकं ठेवलं. आई त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. मग तो भावाजवळ जमिनीवर येऊन बसला.

"दादा, मी त्याला ढकलायला नव्हतो गेलो रे. तो मधे आला. मी घाबरलो."

"कॅमेरा कशाला हवा होता?"

"एका माणसाला म्हणालो होतो, मी लग्नांचे फोटो काढतो म्हणून. काम दिलं त्याने. कॅमेरा कुठून आणू?" तो स्वतःशीच हसला. "काम मिळालं होतं बघ, खरंखुरं."

धाकट्याने त्याचा हात हातात घेतला आणि त्याच्या बोटांकडे बघायला लागला.

"मी विचार केलाय. आपण जुळे. ठसे सारखेच असणार. मग काचेवरचा ठसा तुझा की माझा, कुणाला सांगता येईल? दोघांपैकी कोण तेच कळलं नाही तर सजा कुणाला देतील? सोडून देतील दोघांनाही."

"सारखे नसतात."

"कोण म्हणतं?"

फरशीवाला उठला. गरम भांडं टेकवायला बायकोने पांढऱ्या फरशीचा एक तुकडा ठेवला होता, तो त्याने आणला. बुटाच्या पॉलिशची डबी आणली. अंगठा पॉलिशमध्ये बुडवून त्याने तुकड्यावर टेकवला. मग धाकट्याने टेकवला, त्याच्याशेजारी. दोघे वाकून बघायला लागले. लहानपणी मुंग्यांचं वारूळ बघायला वाकत तसे.

"बघ!" धाकटा ओरडला. "सेम टू सेम! हा भोवरा बघ."

"भोवरा सोड. इकडे बघ. ही तुझी रेघ वर जाते आणि तिला फाटा फुटतो. माझी तिथेच संपते. आणि इथे माझ्या दोन रेघांमधे बारीकशी तिसरी आहे. तुझ्या नाही."

धाकटा बघत राहिला. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं आणि त्याच्या मागे जो चेहरा उरला तो फरशीवाल्याने आधी फक्त आरशात पाहिला होता. थकलेला, वय झालेला.

"एवढ्याशा रेघेवरून?"

"एवढ्याशा रेघेवरून."

मग आई खाटेवरून म्हणाली, "मोठ्या, तू उद्यापासून कामाला लाग."

"काय?"

"सिमेंटमधे हात घाल परत. येऊच देऊ नकोस रेघा. किती दिवस वाट बघतील? कंटाळतील आणि सोडून देतील."

"आणि नाही सोडलं तर? तो म्हातारा मलाच बघितलंय असं सांगतोय. माझ्यावरच आलं तर?"

आईने त्याच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज साधा होता, पोळी वाढू का विचारावं तसा.

"तू सोसतोस रे. त्याला नाही सोसत."

फरशीवाल्याला राग यायला हवा होता. पण राग यायलाही अंगात काही शिल्लक लागतं. त्याला फक्त वाटलं, आता कुठेतरी पाठ टेकावी. त्याने फरशीचा तुकडा उचलला, मोरीत नेऊन दोन्ही ठसे घासून घासून धुतले आणि परत आला.

"सोमवारी मला ठसे द्यायला बोलावलंय," तो धाकट्याला म्हणाला. "मी हात सिमेंटमधे घालणार नाही. पण तुझं नावही घेणार नाही. त्याआधी तूच जा. आपणहून गेलास तर बरं पडेल, असं लोक म्हणतात."

"जातो," धाकटा म्हणाला. "उद्याच जातो. आईशप्पथ."

तो जेवला. नेहमीसारखा पोटभर जेवला, आईला एकदोन नकला करून हसवलंसुद्धा, आणि टोपी घालून गेला. चौकीवर मात्र तो गेला नाही.

*

सोमवारी बाईंनी फरशीवाल्याचा अंगठा शाईत फिरवला आणि या वेळी कागदावर स्वच्छ ठसा उमटला. त्या भिंग घेऊन बसल्या. बराच वेळ बसल्या. मधेच पुढे वाकत, मधेच काचेवरच्या ठशाचा फोटो जवळ ओढत. एकदा तर "अरेच्चा" म्हणाल्या. शेवटी चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी खुर्ची वळवली.

"नाही. वळण फार जवळचं आहे. पहिल्यांदा मलाही वाटलं, मिळालाच. पण हा अंगठा काचेवरचा नाही. बोटही नाही."

साहेबांनी मोठा श्वास सोडला. महिनाभराचं काम पाण्यात गेलं होतं. त्यांनी बाहेर बाकावर बसलेल्या रखवालदाराला आत बोलावलं. कागदावर सही हवी होती म्हणून त्याला आणलं होतं. ऑपरेशननंतर नुकताच उभा राहायला लागलेला तो काठीच्या आधाराने, लेकीच्या खांद्यावर हात ठेवून आत आला. एवढ्या दिवसांत तो अर्धा झाला होता.

"बाबा," साहेब म्हणाले, "तुमची ओळखण्यात चूक झाली. ठसे या माणसाचे नाहीत. हा तो नव्हे."

"हाच होता," रखवालदार म्हणाला.

"अहो, विज्ञान सांगतंय नाही म्हणून. संध्याकाळची वेळ, तुमचं वय. होतं असं."

म्हातारा उभा होता तिथेच थोडा हलला. त्याने फरशीवाल्याकडे बघितलं, मग साहेबांकडे, मग लेकीकडे. "दिवा होता," तो म्हणाला. "डोक्यावर दिवा होता. मी चाळीस वर्षं दारात उभं राहून माणसंच बघतोय." त्याचा आवाज चिरकला. "माझे डोळे गेले असं म्हणताय का तुम्ही?"

"बाबा, चला घरी," लेक म्हणाली. "दुकानाचे मालकही तेच म्हणत होते ना. आता बस झालं काम."

"म्हणजे मी उगीच एका माणसाला—" म्हातारा फरशीवाल्यापुढे आला. काठी लेकीच्या हातात देऊन त्याने हात जोडले. "मला माफ कर बाबा. मला खरंच तूच दिसलास."

आता नुसतं "असू द्या" म्हणायचं होतं. दोन शब्द. मग दार, मग रस्ता, मग घर. फरशीवाल्याने तोंड उघडलंही त्यासाठी. पण समोर जोडलेले ते हात त्याला बघवेनात. मास्तरांनी पिळलेले कान, आईचं ते वाक्य, सगळं त्याने पाठीवर घेतलं होतं, कारण ते त्याचं एकट्याचं होतं. या म्हाताऱ्याच्या पाठीवर ते टाकायला तो तयार नव्हता. आणि स्वतः आणखी उचलायचं बळ त्याच्यात राहिलं नव्हतं.

त्याने म्हाताऱ्याचे हात खाली केले.

"तुमचे डोळे चांगले आहेत, बाबा," तो म्हणाला. "तुम्ही बघितलात तो चेहरा हाच. पण अंगठा माझ्या भावाचा. आम्ही जुळे आहोत."

बाईंनी भिंग हळूच टेबलावर ठेवलं.

"कुठे असतो तो?" साहेबांनी विचारलं.

फरशीवाल्याने पत्ता सांगितला. सांगून झाल्यावर त्याला बसायला खुर्ची द्यावी लागली.

*

धाकटा चार दिवसांत सापडला. पळालाही नव्हता, त्याच्या शहरातल्या घरीच होता. त्याचे ठसे काचेवरच्या ठशांशी तंतोतंत जुळले, कॅमेराही मिळाला, आणि म्हाताऱ्याचं हाड मोडलं म्हणून सजा जरा जास्त झाली.

आईने मोठ्याशी बोलणं टाकलं. त्याच्या देखत ती सुनेला म्हणे, "त्याला सांग, पाण्याचा तांब्या रिकामा झालाय." सून म्हणे, "ते समोरच बसलेत, आई. मी यंत्र थांबवून तुमचा टेलिफोन होऊ का?" तरी ती उठून सांगायची. फरशीवाला तांब्या भरून ठेवायचा. घरमालकाचं न्हाणीघर त्याने पुरं केलं. दुसरी कामं आली. संध्याकाळी तो गुडघे शेकत बसे आणि आई भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. असे कितीतरी महिने गेले. आपण चुकलो का, हे तो स्वतःला विचारत नसे. विचारलं तर उत्तर द्यावं लागेल, आणि संध्याकाळच्या वेळी तेवढी ताकद त्याच्याजवळ नसे.

मग एका सकाळी आई सुनेला म्हणाली, "त्याला सांग, मला तुरुंगात घेऊन जा म्हणावं."

दोघे बसने गेले. जाळीच्या पलीकडे धाकटा आला तेव्हा आईने त्याला क्षणभर ओळखलंच नाही. त्याने भरघोस दाढी ठेवली होती.

"हे काय सोंग? काढून टाक ती," आई म्हणाली. "माझा पोरगा वाटत नाहीस."

"म्हणूनच ठेवलीय," धाकटा म्हणाला, आणि भावाकडे बघितलं. रागाने की कसं, ते दाढीमुळे कळलं नाही. "आता तुला माझ्यासाठी कुणी धरणार नाही, दादा."

फरशीवाल्याने मान हलवली. भेटीच्या वेळात धाकट्याने आईला तिथल्या वॉर्डरची नक्कल करून दाखवली. आई हसली आणि हसता हसता रडली. फरशीवाला मागे भिंतीला टेकून उभा राहिला.

परतताना आई फाटकापासून बसथांब्यापर्यंतही नीट चालेना. फरशीवाल्याने तिला दंडाला धरलं होतं. ते पोचायच्या आत बस निघून गेली. थांब्यावर एक दगडी बाक होता, त्यावर दोघे बसले. आईने पदराने तोंड पुसलं आणि रस्त्याकडे बघत, इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच, त्यालाच विचारलं, "दुसरी कधी आहे रे?"

"तासाभराने."

"तू जेवलास का काही?"

"नाही."

"मग बसू," आई म्हणाली, आणि पिशवीतून डबा काढून तिने दोघांच्या मधे ठेवला.